लाल दोऱ्याची पाती

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत माझ्या साडूसारखा डोकं फिरवणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि देवानं पुन्हा करूही नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला सावरगाववाले आम्हा पांढुर्णावाल्यांवर दगड फेकतात, पण ते वर्षातून एकदा. हा माणूस बारा महिने फेकत असे, आणि तेही गोड बोलून. सौंसरला बसस्टँडजवळ त्याचं टू-स्ट्रोक गाड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिना आणि एक फळी, पण ऐट अशी की फटफटी घेऊन आलेला तहसीलीतला साहेबही त्याला अर्जदार वाटायचा. मापल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा धर्म. मी नवीन घर बांधलं तेव्हा त्यानं वास्तूच्या जेवणाआधी दार लावलं आणि फटीत पोस्टकार्ड घालून पाहिलं. "साडभाऊ, कार्ड जाऊन नाई राहिलं. पावसाळ्यात दार फुगन." सगळी पंगत ऐकत होती! मी म्हटलं, "तुमी जेवाले बसा, दार मी पाहीन." श्रावणात ते दार असं फुगलं की आठ दिवस आम्ही मागच्या दारानं ये-जा केली. शेवटी सुताराकडून रंधा मारून घेतला आणि बायकोला सांगितलं, सुतार आपल्या मनानंच आला.

पण त्याचं सगळ्यात मोठं खूळ रिंगेचं. पिस्टनवर जी रिंग बसते तिची दोन टोकं जुळलेली नसतात, मध्ये केसभर फट असते. दुसरे मिस्त्री पाकीट फोडतात आणि रिंग बसवतात. हा ती आधी रिकाम्या सिलिंडरात सोडणार, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करणार, मग पोलादी पात्यांचा जुडगा, ज्याला ते फिलर गेज म्हणतात, काढून त्या फटीत एकेक पाती घालून पाहणार. फट कमी निघाली की कानशीचे दोन हात, पुन्हा सिलिंडर, पुन्हा पाती. अर्धा दिवस त्यातच. एवढं होऊनही रिंग पिस्टनवर चढत नसे. गिऱ्हाइकानं स्वतः पाती घालून पाहायची, तिच्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, तेव्हा कुठं हा म्हणणार, "मंग बसवतो." बोरगावच्या मास्तरांनी वाचला, रामाकोन्याच्या पाटलांनी चष्मा लावून वाचला. "तुमीच पाहून घ्या ना भाऊ," असं कोणी म्हटलं की ऐकवायचा, "इंजिन तुमचं हाये का माहं? उद्या पोरगी पाहाले बी मलेच धाडान काय?" लोक हसत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. संत्र्यावर कोळशी आली होती. पानं धुरावर धरल्यासारखी काळी पडत होती. माझी साडेतीनशे झाडं, आणि नेमका त्याच वेळी फवारणीच्या पंपाच्या इंजिनाचा दम गेला. इंजिन घेऊन सौंसर गाठलं. साडूनं सिलिंडर नागपूरहून बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठं करून आणलं, मोठ्या मापाचा पिस्टन आणि रिंग आणली, आणि तिसऱ्या दिवशी सात-आठ माणसांसमोर तो जुडगा माझ्या हातात दिला. "फट कमी भरून राहिली. किती, ते तुमीच वाचा साडभाऊ."

मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. आपले आकडे मला येतात, जमिनीचा कागद मी कोणाकडून वाचून घेत नाही. पण पातीवरचे ते झिजलेले इंग्रजी आकडे मला मुंग्यांसारखे दिसले. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं आणि त्या टोळक्यासमोर तर मेलो तरी सांगणार नव्हतो. जुडगा फळीवर आपटला. "तिकडं माहा बगीचा जळून राहिला, अन् तुमी इथं शाळा भरवून राहिले? कंपनीनं काय डोळे मिटून रिंग बनवली?" सुटे भाग पोत्यात कोंबले आणि मोटारीत बसलो. मागून तो एवढंच म्हणाला, "तापली का टोकं भिडन, साडभाऊ."

रिंग मी घरीच बसवली. पंप असा गरजला की मला वाटलं, सौंसरला ऐकू जावा. अकरा झाडं झाली. बाराव्या झाडाखाली इंजिन एकदा किंचाळलं आणि गच्च झालं. उघडलं तर टोकं भिडून रिंग मोडलेली, सिलिंडरभर ओरखडे. मी रिंगेला शिव्या दिल्या, साडूला दिल्या, त्याला पोरगी देणाऱ्या माझ्या सासऱ्यालाही सोडलं नाही. मग झाडांकडे पाहिलं आणि खाली बसलो.

बायकोनं माझ्या नकळत बहिणीला निरोप धाडला होता. सकाळच्या पहिल्या मोटारीनं साडू बागेत हजर, पिशवीत दुसरं सिलिंडर, पिस्टन, रिंग. 'मी सांगितलं होतं' असं एकदा तरी म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. नाही म्हणाला. संत्र्याच्या झाडाखाली पोतं टाकून कानस चालवत राहिला. मग मनगटावरचा पूजेचा लाल दोरा तोडला, एका पातीच्या बुडाशी गुंडाळला आणि जुडगा माझ्यापुढे धरला. "आकड्याचं काही खरं नाई, घासून जाते. लाल दोऱ्याची पाती गेली पायजे, तिच्या पुढची जाड अडली पायजे. बोटानं पाहा."

मी पाहिलं.

"मोठ्यानं बोला."

बागेत पाखरू नव्हतं, तरी मोठ्यानं! "लाल जाते, पुढची अडते!" मी खेकसलोच.

"मंग बसवतो."

दुपारी फवारणी सुरू झाली. काही झाडं गेली, बाग राहिली. ती गोष्ट त्यानं पुढे कधी काढली नाही, आणि माझं आकड्यांचं त्याला केव्हा उमगलं हे मी कधी विचारलं नाही. असल्या माणसाशी धड भांडणही पुरं होत नाही.

तो गेला तेव्हा तेरवीला त्याच्या बायकोनं, माझ्या साळीनं, तो जुडगा माझ्या हातात ठेवला. "तुमालेच द्याचा म्हनत होते." घरी येऊन उघडला. लाल दोरा तेलानं काळा झालेला. पण त्याच्या पलीकडे एका पातीला पिवळा दोरा, एकीला हिरवा, एकीला निळा. मला असा राग आला! इतकी वर्षं मला वाटत होतं, दोरा माझ्या एकट्यासाठी बांधला. त्या फळीपुढे मोठ्यानं बोलणाऱ्यांत माझ्यासारखे आणखी किती जण होते, ते तोच जाणे.

पंप आता गंजला आहे. तरी कधीमधी सिलिंडर मांडीवर घेतो, रिंग सोडतो, पिस्टननं सरळ करतो, बोटानं चाचपून ती पाती घालतो. "लाल जाते, पुढची अडते," मोठ्यानं म्हणतो, आणि मग उगाच त्याच्या उत्तरासाठी थांबतो. लेकाच्यानं जाताना ते दोन शब्द तरी मागं ठेवायचे होते.