समाचाराला आलेले लोक

समाचाराला येणाऱ्या माणसांची मला किळस येते. हे लिहिताना जराही लाज वाटत नाही.

अपघातानंतर दीड महिना मी केडगावच्या घरात कॉटवर पडून होते, पाय प्लास्टरमध्ये. दुपारी चार वाजले की दाराशी चपला वाजायला लागायच्या. कुणी शहाळं आणायचं, कुणी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. खुर्ची कॉटजवळ ओढायची, चेहरा पाडायचा आणि विचारायचं, "कसं झालं हो?" आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याच्यावर बेतलं त्यानेच सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि दर नव्या माणसाला नव्याने सांगायचं. सासूबाई चहाचं आधण ठेवता ठेवता आतून म्हणायच्या, "सांग गं त्यांना, लांबून आलेत."

मी सांगायचे. नेवासा फाट्यावर एसटीतून उतरले. तिथून आमच्या शाळेतल्या दुसऱ्या मॅडमच्या स्कूटीवर मागे बसले, रोजच्यासारखी. धुकं होतं. उसाची डबल ट्रॉली भर रस्त्यात बंद पडून उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आम्ही तिच्यावर आदळलो, मोळ्या अंगावर आल्या. मॅडम जागच्या जागी गेल्या.

"जागच्या जागी" आलं की ऐकणारा चुकचुकायचा, "सुटली बिचारी" म्हणायचा आणि बिस्कीट चहात बुडवायचा. एक मावशी तर पुढे सरकून म्हणाली, "डोकं फुटलं असंल ना? रगत लई गेलं का?" तिच्या हनुवटीला भिजलेलं बिस्कीट चिकटलं होतं. मला ओकारी आली. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या गरम पडल्या.

साठेक जणांना तरी मी हे ऐकवलं असेल. पुढे पुढे ते इतकं सफाईदार झालं की सातवीला एखादा धडा शिकवावा तसं मी न अडखळता सांगायचे. आणि ते खोटं होतं. मॅडम जागच्या जागी गेल्या नव्हत्या. त्या बराच वेळ शुद्धीवर होत्या, माझ्याशी बोलल्या, आणि बोलल्या ते त्यांच्या आईसाठी होतं. ते मी आईंपर्यंत पोचवलं नव्हतं. पोचवायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

पाय बरा झाला, मी शाळेत जायला लागले. पण रस्त्यात रसवंतीचे घुंगरू वाजले की छाती धडधडायची आणि उजवा हात चिकट व्हायचा. खरोखर चिकट, बोटं एकमेकांना चिकटायची. शाळेच्या नळावर मी तो हात इतका धुतला की कातडी सोलली आणि खडू धरवेना. फळ्यावर मेंदूची आकृती काढून, भागांची नावं पोरांकडून घोकून घेणारी मी, माझ्या डोक्यात काय चाललंय त्याचा मला पत्ता नव्हता.

नवऱ्याने नगरात एका मानसोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता काढला. सासूबाई म्हणाल्या, "अख्ख्या गावाला सांगून झालंय. आता तिथं जाऊन आणखी कुणाला सांगायचंय?" मलाही ते पटलं होतं. सांगून बरं वाटायचं असतं तर साठ वेळा वाटलं असतं, असं आम्हा सगळ्यांचं गणित होतं.

बाई माझ्याहून बऱ्याच लहान. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, अगदी हाताशी ठेवलेला. म्हटलं, इथेही रडायची सोय करून ठेवलीय. त्या म्हणाल्या, डोळे मिटा आणि आत्ता घडतंय असं सांगा. मी माझा धडा म्हणून दाखवला. त्या चुकचुकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परत सांगा. मोळ्या अंगावर येतात, त्यानंतर लगेच काय होतंय? उजवा हात कुठे आहे?"

मी उठून बेसिनवर गेले आणि हात धुतला.

चौथ्या खेपेला ते बाहेर आलं. मी उसाखाली पाठीवर पडले आहे. ठेचलेल्या उसाचा गोड वास येतो आहे आणि त्यात रक्ताचा. मॅडम शेजारीच आहेत. "मॅडम, हात धरा माझा," त्या मला म्हणतात. मी धरते. तो हात उसाच्या रसाने आणि रक्ताने बरबटलेला आहे, कोमट आहे, बोटांत काहीतरी मऊ लागतं. त्या आईबद्दल बोलतात. आणि मला घाण वाटते. मी हात सोडवून घेते आणि गवताला पुसते. त्या पुन्हा हात शोधत राहतात. मी देत नाही.

मला वाटलं, आता बाई मला हाकलतील. त्यांनी पाणी दिलं. मग समजावलं. मेंदूत भीतीची घंटा वाजवणारा एक बदामाएवढा भाग असतो, त्याला तेव्हाचं आणि आत्ताचं वेगळं कळत नाही. समाचाराला आलेल्यांना सांगताना तुम्ही दर वेळी नेमक्या त्या जागेला वळसा घातलात, म्हणून घंटेची खात्रीच पटली की तिथे अजून धोका आहे. थेट तिथे जाऊन थांबलात, काही होत नाही हे पाहिलंत, की कपाळामागचा विचार करणारा भाग तिला हळूहळू आवरायला शिकतो. घंटा मोडत नाही. तिला आवरणारं कुणीतरी तयार होतं.

माझं सांगणं त्यांनी माझ्याच मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं. रोज एकदा ऐकायचं. दुपारी शाळेतून आले की मी कानात हेडफोन घालून बसायचे. सासूबाईंना वाटे, मी कीर्तन ऐकते. पहिल्या आठवड्यात दोनदा उलटी झाली. आठव्या आठवड्यात "त्या पुन्हा हात शोधत राहतात" हे वाक्य चालू असताना मला जांभई आली. त्या जांभईची मला जेवढी किळस वाटली तेवढी त्या मावशीचीही वाटली नव्हती. बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, आपण याचीच वाट बघत होतो. त्यांचाही मला राग आला. पण त्या आठवड्यात मी रसवंतीवरून चालत गेले आणि हात कोरडा राहिला.

मग मी मॅडमच्या आईंकडे गेले, नेवाशाजवळच्या त्यांच्या वस्तीवर. चौदा महिने झाले होते. सगळ्या जगाने मला "कसं झालं" विचारलं होतं, या एकट्या बाईने विचारलं नव्हतं. तिने मला पडवीत बसवलं आणि जुन्या बायका घेतात तसा माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मी सांगितलं. या वेळी जागच्या जागी म्हटलं नाही. हात धरा म्हणाल्या, मी धरला, आणि मला घाण वाटली म्हणून सोडवून गवताला पुसला, हेही सांगितलं.

आईंनी माझा हात सोडला. पदराचं टोक घेतलं आणि आपला तळवा पुसला. एकदा, मग पुन्हा.

माझी छाती धडधडली. मी पाहत राहिले. दुसरीकडे बघितलं नाही, नळ शोधला नाही. मला हवं होतं तेवढंच मला मिळालं होतं, त्या बाईचं पुसणं बघत बसता येणं. त्याहून जास्त काही मागायचा मला हक्क नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं ऱ्हाऊ द्या, बाई. ती काय म्हनली तेवढंच परत सांगा."

"आईला लगेच कळवू नका म्हणाल्या. तिची बीपीची गोळी दहा वाजता असते."

"गोळीचं म्हनली?"

"हो. गोळी घेतल्यावर सांगा म्हणाल्या. आधी नको."