कानाशी वाजणारं काडतूस

मालिकांमध्ये गोळी खाऊन मरायची छोटी कामं मी करतो. मीरा रोडच्या आमच्या सेटवर पिस्तुलाच्या नकली गोळ्या एक काका ओततात. टोक गोल हवं की चपटं, यावरून ते दिग्दर्शकाशीही वाद घालतात. "एवढं मोठं पिस्तूल, गोळी पण तशी दिसायला नको?" असं काका मला विचारतात.

प्रत्येक काडतुसात दारूऐवजी ते एक छर्रा टाकतात आणि पिस्तुलात भरण्याआधी नारळासारखं कानाशी हलवून बघतात. वाजलं, म्हणजे नकली.

परवा सहावं वाजलंच नाही. काका छर्रा टाकायला विसरले असणार.

"जाने दो काका, आपने ही तो बनाया है," दिग्दर्शक म्हणाले.

"मैंने बनाया, इसीलिए तो."

काकांनी दुसरं आणलं, या वेळी माझ्या कानाशी वाजवलं.

मग मी निर्धास्त मेलो.