तार काढलेली पेटी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जो माणूस अमरावतीत बसून अकोल्याच्या माणसाशी टकटक करत बोलतो, तो चिंचेवरच्या हडळीला काय भिणार? मी तारऑफिसात कामाला होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला होता की दलालांनी विलायतेची वाट्टेल ती वस्तू घरात आणून ठेवावी.

अकोल्याच्या अशाच एका दलालशेटनं मुंबईहून विजेची पेटी आणली. काखेत मावेल एवढी. आत लोहचुंबक आणि तारेची वेटोळी, बाहेर फिरवायचं हँडल, आणि रोग्यानं धरायला दोन पितळी मुठी. लुळ्या अंगाला झटके दिले की ते जागं होतं म्हणे. त्याच्या अमरावतीच्या घरच्या गाद्यांचा कापूस रहीमचाचा पिंजायचे. त्यांचा उजवा हात पावसाळ्यापासून लुळा पडला होता. पिंजाऱ्याचा हात गेला म्हणजे चूलच गेली. शेटला दया आली... आणि धास्तीही, कारण हकीम म्हणाला होता, चाचांचं काळीज नाजूक आहे.

"तू तारवाला. पेटी तपासून सांग, म्हातारा मरनार तं नाही?"

आम्हा तारवाल्यांची तपासणी सोपी. बॅटरीत जीव आहे का, हे पाहायला तार जिभेला लावायची. तीच अक्कल मी इथे वापरली. मुठींना जीभ लावली आणि हँडल गरकन फिरवलं – सरळ सरकीच्या पोत्यांवर जाऊन उताणा पडलो!

"मेला तं नाही ना? मंग पेटी चांगली हाये!" शेट म्हणाला.

माझी जीभ पार बधिर झाली होती. पुढे दोन दिवस मी रहीमचाचांना 'लहीमचाचा' म्हणत होतो.

पण हे नाजूक काळजाच्या माणसाला कसं लावायचं? चाचा तर हट्टालाच पेटलेले. मी एक शक्कल काढली. वेटोळ्यापासून मुठींकडे जाणारी तार उपटून अंगरख्याच्या खिशात टाकली. रिकामं हँडल फिरवायचं, गुण येत नाही म्हणायचं, पेटी परत. मरण टळलं, माझी जीभही वाचली.

भर दुपारी राजापेठेत त्यांच्या घरी गेलो. खुंटीला पिंजायचं धनुष्य टांगलेलं, त्याच्या ताणलेल्या दोरीवर, म्हणजे तांतीवर, धूळ. अमीनाचाचीनं चाचांची लुळी बोटं एका मुठीवर धरून ठेवली, दुसरी त्यांनी डाव्या हातात घेतली. मी मोठ्या रुबाबात हँडल फिरवायला लागलो. घर्र... घर्र... काही नाही. होणार तरी काय?

आणि खुंटीवरची तांत वाजली.

हळू – कुणी बोटानं छेडावी तशी. मग सलग घुमायला लागली. वारा नाही, कुणाचा हात नाही... तांतीवरची धूळ थरथरत खाली झडत होती.

"या अल्ला! कोन वाजवून राहिलं?" चाची उठू लागली.

"बस तू! अन् बाबू, तुमी थांबू नका," चाचा पुटपुटले. "येऊन राहिलं... खांद्यातून उतरून राहिलं..."

चाचीनं हात काढून घेतला होता, तरी ती बोटं मुठीवर आवळत गेली. मी डाव्या हातानं खिसा चाचपला. तार तिथेच.

घरी येऊन पेटी उघडली. पुन्हा जीभ लावून हँडल फिरवलं (हो, मी असाच आहे). नुसती पितळेची तुरट चव. पेटी मेलेली होती.

आता खरी पंचाईत. तार जोडावी तर काळजाला धोका. न जोडावी, तर मी फिरवतोय तरी काय? शेवटी तार खिशातच ठेवली आणि रोज जात राहिलो. हात थोडा थोडा उठायला लागला. मला मात्र झोप येईना. एके दिवशी बोलून टाकलं, "चाचा, पेटी रिकामी आहे. पहिल्या दिवसापासून."

चाचा हसले. "रिकामी हाये तं धरा ना तुमी! भेऊन राहिले कावून?"

त्यांनी उजवा हात उचलला – उजवा! – आणि हँडल धरलं. मी मुठी धरल्या. ते फिरवू लागले.

झटका नव्हता तो. तांतीचा घुमारा हाडांतून वर चढत खांद्यापर्यंत गेला, मग छातीत. मुठी सोडायचं भान राहिलं नाही, सोडावंसंही वाटेना. डोळ्यांतून पाणी कशाला येत होतं, ठाऊक नाही. चाची माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कळलं बाबूले."

कळलं काहीच नाही, चाची! तारऑफिसातल्या साहेबाला विचारलं, हकिमाला विचारलं. एकानं मला दारू कमी कर म्हणून सांगितलं, दुसरा नुसता छताकडे बघत राहिला. त्या हिवाळ्यात चाचा पुन्हा पिंजायला बसले. मी ती पेटी पुढे कितीदा फिरवली, तार काढून, तार जोडून... तांत कधी हलली नाही.

शेट अजून विचारतो, पेटीत धोका होता का? मी सांगतो, शेट, माझ्या तपासणीत तिच्यात वीजच नव्हती. काय होतं, ते माझ्या जिभेला सांगता येत नाही.