भिंतीपलीकडचं माणूस

सुरक्षारक्षकांसाठी तयार केलेलं अ‍ॅप तपासायला मी भंडाऱ्याच्या एका सभागृहात गेलो होतो. मोबाइल समोर धरला, की भिंतीपलीकडचा सहकारी पडद्यावर हिरव्या ठिपक्यासारखा दिसायचा. महिलांच्या दारावर एकोडी गावच्या एक रक्षक बाई होत्या. मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला, तशा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत त्या ते ठिपके बघत राहिल्या.

"माही पोरगी पुण्याले रायते, दिवाळीलेबी आली नाही. तिच्या फोनात हे टाकलं तं ती मले दिसन का जी?"

"नाही हो मावशी, फक्त या इमारतीतलेच दिसतात."

"बरं. पन पुनं कोनत्या अंगाले येते?"

मी पश्चिमेची भिंत दाखवली. त्यांनी मोबाइल तिकडे वळवला आणि रिकाम्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला तो परत मागवेना.