झाकण नसलेली करंजी

आमच्या साडूंना खुर्चीत टेकून बसलेलं पाहिलं, असं शपथेवर सांगणारा माणूस शारजापासून अबू धाबीपर्यंत शोधूनही सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शारजातल्या अल नहदा भागात आमच्या टॉवरपासून दोन टॉवर सोडून राहतात. ते उभ्याने जेवतात, फेऱ्या मारत बातम्या वाचतात, आणि फोनवर बोलता बोलता लिफ्टमध्ये शिरून खाली जातात, मग रेंज गेली म्हणून चिडून वर येतात. लग्नाच्या रिसेप्शनला त्यांना कोणी खुर्ची दिली तर ती ते दुसऱ्याला देतात, स्वतःसाठी आणलेली तिसऱ्याला देतात, आणि अर्ध्या तासात पाहुण्यांना वाटायला लागतं की हा गृहस्थ हॉलच्या व्यवस्थेतला आहे. एकदा तर एका बाईंनी त्यांच्याकडे टिश्यू मागितले आणि त्यांनी ते कुठूनतरी आणूनही दिले. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते साइटवर असतात, म्हणजे दिवसभर फिरण्याचा पगार मिळतो. सकाळी दुबईकडे जाताना मी त्यांच्या शेजारी बसतो. ट्रॅफिकमध्ये गाडी हलत नाही, पण साडू हलत असतात. आरसा पुसतात, सीट पुढे घेतात, मागे घेतात, काच खाली करून शेजारच्या लेनमधल्या अनोळखी माणसाला विचारतात, "भाईसाब, आगे क्या हुआ है?" तो बिचारा आमच्याइतकाच अडकलेला असतो.

असा माणूस सुट्टीच्या दिवशी टार्ट भाजतो, हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. मैदा आणि लोण्याची खुसखुशीत वाटी करायची, तिच्यात गोड सारण भरायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं आणि गप्प बसायचं. यातलं शेवटचं सोडून सगळं साडूंना उत्तम येतं. दर दोन मिनिटांनी ते ओव्हनचं दार उघडून आत डोकावतात. साइटवरच्या सवयीने त्यांना वाटतं की आपण बघितलं नाही तर आत काम थांबतं. "अहो, ओव्हनलाही कळायला पाहिजे ना, कोणीतरी सुपरवाइज करतंय," असं ते मला समजावून सांगतात. दार उघडलं की उष्णता बाहेर जाते, त्यामुळे त्यांचे टार्ट कडेने पांढुरके आणि मधोमध ओलसर राहतात. वाटीच्या काठावर ते काट्याने दाबून बारीक दाते पाडतात, तेवढी कलाकुसर मात्र देखणी असते.

हे सगळं ताईसाठी चाललेलं असतं, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी जे लिहिणार आहे त्याने साडूंवर अन्याय होईल, आणि माझ्या मनाला आधीच पुरेशी टोचणी आहे. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. दोनेक वर्षांपूर्वी ती एका तापातून उठली, पण त्या तापात तिची वासाची आणि चवीची जाण गेली ती परत आली नाही. जी बाई शेजारच्या कुकरच्या वासावरून आज त्यांच्याकडे तूरडाळ आहे की मसूर ते सांगायची, ती आता बासुंदी पुढे ठेवली तरी "पुठ्ठा भिजवून खाल्ल्यासारखं वाटतं गं" असं माझ्या बायकोला हळूच सांगते. क्लिनिकमधल्या अरब डॉक्टरांनी नाक तपासलं, घसा तपासला आणि हसून म्हणाले, "शी विल बी फाइन, इन्शाल्ला." त्यावर साडू गाडीत अख्खा रस्ताभर धुमसत होते. "इन्शाल्ला! हे औषध कुठल्या फार्मसीत मिळतं? जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

त्या वर्षीच्या दिवाळीत ताईने करंज्या केल्या नाहीत. चव कळत नाही तर सारण कोणाच्या भरवशावर करू, असं म्हणाली आणि खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. साडू तडक स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी केलेल्या करंज्यांपैकी एकही तेलात मिटलेली राहिली नाही. सगळं सारण कढईत, आणि साडू शेगडीसमोर लालबुंद. दुसऱ्या दिवशी ते शारजातल्या जुन्या बाजारात, रोल्लाला गेले आणि टार्टचे साचे घेऊन आले. "झाकणच नको. झाकण हाच प्रॉब्लेम आहे. खलास!" ताईने पहिला टार्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "झाकण लावायचाही धीर नसलेल्या माणसाने करंजी केली की ती अशी दिसते," ती म्हणाली. मग एक घास खाल्ला. साडू तिच्या तोंडाकडे बघत समोर उभे. "काहीच लागत नाही हो," ती म्हणाली, आणि तिला त्यांची इतकी दया आली की तिने तो टार्ट पूर्ण संपवला.

रोल्लाला साचे आणायला जाण्यामागेही कारण होतं. लग्नानंतर ही दोघं शारजात आली तेव्हा रोल्लातल्या एका बेकरीत लिंबाचा टार्ट मिळायचा. एक घेऊन दोघांत खायची. बेकरी केव्हाच गेली, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. साडू आजही त्या दुकानासमोरून जाताना गाडी हळू करतात. माणूस एरवी पिवळ्या सिग्नललाही हळू होत नाही.

त्या "काहीच"ने साडूंना जे पछाडलं ते पछाडलं. साधी चव कळत नाही ना, मग जबरदस्त चव देऊ, असं त्यांनी ठरवलं. सुंठीचा टार्ट झाला. आवळ्याचा झाला. इथल्या बाजारात मिळणाऱ्या वाळवलेल्या काळ्या लिंबांचा झाला. ("एवढीशी पिशवी, आठ दिरहम! म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, वाळलेल्या लिंबाला!") नाकात झिणझिण्या येतील म्हणून फेसलेल्या मोहरीचा झाला, आणि एका शनिवारी खजुराच्या सारणात हिंग घालूनही झाला. ताई प्रत्येकाचा एक घास खायची आणि मान हलवायची. उरलेले टार्ट कुठे जाणार? आमच्याकडे. त्यांच्या ऑफिसात, आमच्या ऑफिसात, दोन्ही टॉवरच्या रखवालदारांकडे, गाडी धुणाऱ्याकडे. बेल वाजली की साडू दारात उभे, आत यायला वेळ नाही, हातात डबा. "यल्ला, तोंड उघडा. खरं सांगा हं साडू, तिला कळत नाही, मला तुमच्यावरच अवलंबून राहायचंय."

आणि मी, ज्याच्यावर ते अवलंबून होते, तो दर वेळी म्हणायचो, "छान." हिंगालाही छान म्हणालो. मुलगी आतून ओरडली, "बाबा, दॅट वॉज लिटरली पनिशमेंट! व्हाय डोन्ट यू जस्ट टेल हिम?" काय सांगणार? त्यांच्या कपाळाला पीठ लागलेलं असायचं.

आता डब्यांविषयी सांगायला हवं. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. इथे आल्यावर लोकांनी बऱ्याच गोष्टी सोडल्या, पण ही सोडली नाही. त्यामुळे साडूंचा डबा परत जाताना त्यात काहीतरी जायचं, मग तोच डबा आमच्याकडे परत यायचा, त्यात पुन्हा टार्ट. दोन टॉवरमध्ये डब्यांची अशी काही वाहतूक सुरू झाली की कोणाचा डबा कोणाकडे आहे हे फक्त ताईला ठाऊक असायचं. ज्या घरांत टार्ट संपत नसत, ती घरं टार्ट दुसऱ्याच्या डब्यात घालून पुढे ढकलत. आमचं घर त्यात आघाडीवर होतं, हेही कबूल करतो.

मग तो शनिवार आला. नारळ-गुळाचे टार्ट ओव्हनमध्ये होते आणि खालून रखवालदाराचा फोन आला, "सर, गाडी हटाओ, टँकर आया है." साडू धावले. अल नहदात सुट्टीच्या संध्याकाळी मिळालेली जागा सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. टँकर गेला तोवर त्यांची जागा कोणीतरी घेतली होती, आणि साडू गल्ल्यांतून चकरा मारत राहिले. वर आले तेव्हा कॉरिडॉरपर्यंत धूर होता. आत हॉलमध्ये निळसर धुक्यात ताई मटार सोलत बसली होती. "इतका वेळ? मिळालं का पार्किंग?" तिने विचारलं.

साडूंनी ओव्हन बंद केला, बाल्कनीचं दार उघडलं आणि तिला पार्किंग मिळालं एवढंच सांगितलं. अन्न टाकवत नाही म्हणून टार्टच्या काळ्या कडा खरवडल्या, वरून पिठीसाखर भुरभुरली आणि डबा घेऊन आमच्याकडे आले. "खरवडल्यावर करपट लागत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी घास चावत होतो. कडू जहर लागत होता. "अजिबात नाही," मी म्हणालो. "छान."

सोमवारी ट्रॅफिकमध्ये साडू पहिल्यांदाच आरसा न पुसता बसले होते. "घर पेटलं असतं," ते म्हणाले, "आणि ती मटार सोलत बसली असती." मग म्हणाले, "बस झालं हे. ओव्हन विकून टाकतो. दोन वर्षं नुसता खेळ केला मी. ती माझ्यासाठी खाते आणि मी तिच्यासाठी करतो, आणि लागत कोणालाच काही नाही." "पुढची लेन सरकली," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. रविवारी कोणीतरी ओव्हन न्यायला येणार होतं, म्हणून साडू स्वयंपाकघरात तो घासत होते. बेल वाजली. आमच्या टॉवरच्या पाचव्या मजल्यावरच्या नागपूरच्या वहिनी ताईचा डबा द्यायला आल्या. "फारसं काही जमलं नाही हो ताई, पण रिकामा कसा द्यायचा?" डब्यात द्राक्षं होती, आणि खाली दोन टार्ट. काठावर काट्याचे बारीक दाते. ते आठवड्यापूर्वी माझ्या बायकोने वहिनींना दिले होते. मी बायकोकडे पाहिलं, तिने एसीकडे पाहिलं.

ताईने टार्ट उचलला. समोर कोणी तोंडाकडे बघत उभं नव्हतं. वहिनींशी स्कूल बसच्या वेळांविषयी बोलता बोलता तिने सहज घास घेतला, आणि बोलणं मध्येच थांबवून म्हणाली, "वहिनी, राग मानू नका हं, पण हे करपलेत."

"अय्या," वहिनी म्हणाल्या, "मी कुठे, हे तर मला..." आणि त्याही एसीकडे बघायला लागल्या.

स्वयंपाकघरातला घासण्याचा आवाज थांबला. साडू दारात आले, हातात काळं फडकं. "काय म्हणालीस?"

"करपलेत म्हटलं. केवढा वास..." ताई थांबली. तिने टार्ट नाकाजवळ नेला. मग आणखी एक घास घेतला, डोळे मिटून. "येतोय हो," ती म्हणाली. "करपट वास येतोय मला."

साडूंनी तिच्या हातातला टार्ट घेतला, काठावरचे दाते पाहिले आणि माझ्याकडे वळले. "हे माझे आहेत! आणि तुम्ही म्हणालात अजिबात नाही!"

"साडू, मी..."

"खरं सांगा आता. किती करपलेत?"

"खूप," मी म्हणालो.

"म्हणजे कितपत खूप?"

"तोंडात धरवत नव्हता."

"वा!" साडू म्हणाले. आजवर कोणाच्या स्तुतीने त्यांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. आणि मग, वर मी जे लिहिलं आहे ते खोटं ठरवत, धुतलेल्या कपड्यांचा ढीग असलेल्या खुर्चीत, त्या कपड्यांवरच, ते मटकन बसले. फडकं त्यांच्या हातात तसंच होतं. ताईने ते काढून घेतलं तरी त्यांना कळलं नाही.

ओव्हन राहिला. सुट्टीच्या दिवशी आता ताई ओव्हनसमोर स्टूल टाकून बसते आणि डोळे मिटून वास घेते. शेजारी दुसऱ्या स्टुलावर साडू. दार उघडायची त्यांना मनाई आहे. "तुम्ही उठलात की माझं लक्ष जातं, बसा," असं ती म्हणते आणि ते बसतात, फक्त एक पाय हलत असतो. कडा करपायला लागल्याचा वास आला की ती "आता" म्हणते. तेवढाच वास तिला येतो, त्यामुळे आम्हां सगळ्यांच्या वाट्याला येणारे टार्ट थोडे करपलेलेच असतात. "करपलेत," मी आता तोंडावर सांगतो. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नारळ-गुळाचे टार्ट आत होते. अख्खं घर गुळाच्या आणि वेलदोड्याच्या वासाने भरलं होतं, मला तर दाराबाहेरच कळलं होतं. वास येतोय का, असं ताईला विचारावं की नाही, म्हणून मी घुटमळलो.

"अजून नाही," तिनेच सांगितलं. "गूळ नाही आला अजून."

"येईल," साडू स्टुलावरून न उठता म्हणाले. "इन्शाल्ला."