चांदणीला गूळ

मागच्या रविवारी माझ्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये एक घोडी मरता मरता वाचली... हसू नका, पुढे वाचा.

आम्ही चार-पाच जण दर रविवारी दुपारी फँटसी गेम खेळतो. मोबाइलवर नाही हं, डायनिंग टेबलावर, फासे टाकून. प्रत्येकाचं एक पात्र असतं, गोष्ट मी सांगते आणि मारामारीत कोण वाचलं ते फासा ठरवतो. मी फासे सगळ्यांसमोर टाकते. लपवाछपवी नाही, दयामाया नाही... म्हणून माझं नाव पडलंय 'हेडबाई'.

केतकी आमच्यात नवीन. पहिल्याच मोहिमेत बक्षीस मिळालं, तेव्हा जादूची तलवार सोडून तिने घोडी मागितली. ओंकारने कपाळावर हात मारला. "अगं, घोडी काय, पहिल्या बाणात आडवी होते!" त्याचंही खरंच होतं, या गेममध्ये स्वाराच्या आधी घोडाच मरतो. आम्ही चिक्कार चिडवलं तिला.

मग एकदा चहा करताना तिने सांगितलं. पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून बोलणं जवळजवळ बंद. मनमाडला रेल्वेत होते, गप्पांचा फड जमवणारा माणूस... आता स्पीच थेरपीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. पण रविवारी ही घरी गेली की एकच शब्द विचारतात, "घोडी?" मग ही सगळी लढाई रंगवून सांगते. 'चांदणी' हे नावही त्यांनीच ठेवलेलं, बराच वेळ शब्दाशी झगडून.

बोंबला! हे मला कळायलाच नको होतं.

कारण मागच्या रविवारी लुटारूंनी पुलावर गाठलं. बाकीचे पलीकडे निसटले, केतकी आणि चांदणी मधेच अडकल्या. भालेवाल्याचा वार थेट घोडीवर... फासा हातात घेतला आणि नुसता घोळवत राहिले. एकदा, फक्त एकदा, लपवून टाकावा असं वाटलं. केतकीने ते ओळखलं बहुतेक. म्हणाली, "टाक गं. पप्पांना खोटी गोष्ट नाही सांगायची मला."

टाकला. वार जबरदस्त बसला. चांदणी संपलीच होती.

"थांब," केतकी म्हणाली, "तो वार माझ्यावर घे." नियमात तशी मुभा आहे, घोड्यावरचा वार स्वार स्वतःवर घेऊ शकतो. आमच्यात ती कुणी वापरत नाही, घोड्यापायी स्वतःचं पात्र कोण मारून घेईल! तिचं पात्र कोसळलं. आता पुढचा वार आला की दोघी खलास.

पाळी ओंकारची. हा पठ्ठ्या सोन्याची पेटी घेऊन केव्हाच पलीकडे पोचला होता. त्याने एक सणसणीत शिवी हासडली, पेटी नदीत फेकली आणि म्हणाला, "मी परत येतोय. चांदणीवर उडी मारतो, हिला उचलतो आणि सुटतो." आजवर गड्याने घोड्याला हात लावला नव्हता! त्याने फासा टाकला तेव्हा सगळे उभे राहिले होते... जेमतेम जमलं. असा आरडाओरडा केला आम्ही की खालच्या काकू वर आल्या.

सोमवारी ग्रुपवर केतकीचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता पंख्याचा आवाज... मग पप्पा, अडखळत, एकेक शब्द ओढून आणत. "घोडीला... गूळ... द्या."

ऑफिसात रडले मी. खुशाल रडले.

या रविवारी ओंकार कागदात गुळाचा खडा बांधून घेऊन आला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. हेडबाईंनीही मुकाट्याने फासे बाजूला सारले.

पप्पा, तुमच्या चांदणीला गूळ दिला बरं का... आणखी काय हवं तिला, ते तुम्हीच सांगा. सावकाश सांगा, आम्ही थांबतो.