निळ्या काचेतली मेणबत्ती

माझे बाबा, निकासिओ, पालेन्के या प्राचीन नगराच्या अवशेषांत वाटाड्याचं काम करत. प्रवासी गाडीतून उतरताच विचारत, "राजाला कुठे पुरलंय?" बाबा म्हणत, "वर. आधी पाणी प्या." पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्याला ते कधी घाई करत नसत. गावात त्यांच्याविषयी एवढंच म्हणत, की निकासिओ मोजकं बोलतो, पण बोललेलं फिरवत नाही.

म्हणूनच गावसभेने धबधब्याची राखण त्यांच्याकडे दिली. प्रवासी पाहतात तो हा धबधबा नव्हे. आमचा जंगलात खूप आत आहे. पाण्यामागच्या गुहेत डोंगराचा धनी राहतो, आणि तिथे मेणबत्त्या लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी मका पेरत नाही. परक्याला वाट दाखवणार नाही, असं बाबांनी काठावरच्या क्रुसाला हात लावून सांगितलं होतं.

फाउस्तो सान क्रिस्तोबालचा. अवशेष, धबधबे आणि शेवटी त्याचं लाल कौलांचं जुनं शहर, अशी तीन दिवसांची सहल तो काढायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी मला त्यानेच हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून तो माझा धर्मपिता, आणि तो व बाबा एकमेकांचे कोंपादरे झाले. कोंपादरेला अरेतुरे करत नाहीत, नाही म्हणत नाहीत. खोटं बोलण्याचा तर प्रश्नच येत नाही.

मी पाच वर्षांची असताना मला ताप आला. आठ दिवस उतरेना. फाउस्तो घरी आला.

"कोंपादरे, पोरगी माझीही आहे. तुमच्या धन्यापुढे मला एक मेणबत्ती लावू द्या."

"तिथे परक्याला नेत नाहीत, कोंपादरे."

"मी परका?"

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "का हो, तुमच्या शहरातली देवळं काय बंद पडली?"

"कोमादरे, तुमच्या जिभेपुढे मिरचीसुद्धा गोड लागते!"

बाबा त्याला घेऊन गेले. फाउस्तोने निळ्या काचेतली मेणबत्ती लावली, गुडघाभर पाण्यात उभा राहून रडला. खिशातला फोन वाटेतलं प्रत्येक वळण टिपत होता, हे बाबांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. बाबांनी त्याच्यासाठी कोंबडी कापली.

ईस्टरनंतर जंगलाच्या तोंडाशी दोन गाड्या लागल्या. धन्याच्या डोहात परकी माणसं पोहत होती आणि क्रुसावर त्यांचे टॉवेल वाळत होते. फाउस्तोची सहल आता चार दिवसांची झाली होती.

गावाने त्याला सभेत बोलावलं. टोपी हातात धरून तो म्हणाला, "आकाशातून काढलेल्या नकाशात मला धबधबा दिसला. कुणी नेलं नाही. कोंपादरेंचा ह्यात काही संबंध नाही."

मागून म्हातारी एर्मेनेहिल्दा ओरडली, "आकाशातून गुहा दिसते होय? मग माझी हरवलेली डुकरीणही शोध की बाबा!"

माणसं हसली. सभा सैल झाली. बाबांनी फक्त गप्प बसायचं होतं. राखणही राहिली असती, नावही.

ते उठले आणि जंगलाकडे निघून गेले. दोन तासांनी परतले तेव्हा पायजमा मांडीपर्यंत भिजलेला होता. हातातली निळी काच त्यांनी टेबलावर ठेवली. असली मेणबत्ती आमच्या गावात मिळत नाही.

"ही ह्यांची. मीच नेलं होतं."

फाउस्तो कळवळून म्हणाला, "कोंपादरे, मी तुम्हाला वाचवत होतो!"

"कळलं, साहेब," बाबा म्हणाले.

साहेब! पाच वर्षांत पहिल्यांदा. फाउस्तोने टोपी घातली, पुन्हा काढली, मग तशीच हातात घेऊन निघून गेला.

गावाने वाटेवर साखळी लावली. बाबांकडून राखण काढून घेतली, कायमची. अवशेषांत ते जात राहिले, पण धबधब्याकडे नाही. पेरणीआधी त्यांची मेणबत्ती काका घेऊन जातो.

बाप्तिस्मा पुसता येत नाही. मृतांच्या सणाला फाउस्तोचा ड्रायव्हर अजून गोड पावांची टोपली आणून देतो. आई कॉफीत बुडवून खाते. म्हणते, "पावाने काय पाप केलं?" बाबा हात लावत नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं, "माझा ताप त्या मेणबत्तीनेच उतरला का?"

त्यांनी हातातलं कणीस सोलून टोपलीत टाकलं.

"तो पाण्यात रडला ना," ते म्हणाले, "ते खरं होतं का, तेवढं तरी त्याने सांगायला हवं होतं."